भाडेकरू पारखून घ्या, घाबरून नको



या सदरात आपण एरवी खोडव्याचे खत, द्राक्षावरची भुरी, हळदीची लागण अशा गोष्टी बोलतो. आज खोल्यांविषयी बोलू. हा शेतीखात्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण तासगाव, पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांत शिवारात गेलो, पिकाचे बोलणे आटोपले आणि चहा पुढे आला, की हल्ली ठरलेला प्रश्न निघतो, "साहेब, विश्रामबागेत खोल्या बांधल्यात. भाड्यानं द्याव्यात का नको? आणि द्यायच्या तर कुणाला?"

प्रश्न बरोबर आहे. ज्या वर्षी द्राक्ष साधले किंवा उसाचे बिल बरे आले, त्या वर्षी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी सांगलीच्या बाजूला गुंठा-दोन गुंठे जागा घेतली. मुलांना शिकायला ठेवावे, आजारपणात कुणाला दवाखान्यात न्यावे लागले तर टेकायला जागा असावी, हा हेतू. पुढे बँकेचे कर्ज काढून वर मजला चढवला. मुलांना दोन खोल्या पुरतात, बाकीच्या भाड्याने द्यायच्या आणि भाड्यातून हप्ता फेडायचा, असा हिशेब. म्हणजे म्हैस, कोंबड्या, तशी खोली हाही आता एक जोडधंदा झाला आहे. म्हशीचे चारा-पाणी, वेत, दूध आपण बारकाईने पाहतो. खोलीचे मात्र "बघू, येईल त्याला देऊ" असे चालते. नाहीतर उलट, "भाडेकरू घुसला की निघत नाही" म्हणून कुलूप लावून ठेवतो.

दोन्ही वाटा तोट्याच्या आहेत. सहा हजार भाड्याची खोली चार महिने बंद राहिली, की चोवीस हजार गेले. त्यात पावसाळ्यात बंद घराला ओल धरते, वाळवी लागते आणि हप्ता काही थांबत नाही. म्हणून खोली द्यावी, हे माझे पहिले सांगणे. कुणाला द्यावी आणि कशी द्यावी, हे पुढे सांगतो.

भीती कोठून आली?

आपल्या मनातली भीती उगीच आलेली नाही. तिला दोन जुने कायदे कारण आहेत आणि त्या दोहोंची आपल्या डोक्यात खिचडी झाली आहे.

पहिला कूळकायदा. १९४८ साली मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक ठरली. कुणाच्या आज्याची जमीन त्यात गेली, तर कुणाच्या आज्याला त्यातच मिळाली. घरोघरी त्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. पण ध्यानात घ्या, तो कायदा शेतजमिनीचा आहे. तुमच्या विश्रामबागच्या खोलीला कूळ लागत नाही.

दुसरा १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. त्याने शहरांतील घरभाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली आणि भाडेकरूला काढणे फार अवघड केले. मालकांनी मग "भाडे नव्हे, नुसती राहायची परवानगी" असे करार सुरू केले. पुढे त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीवर जे राहत होते, त्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्या काळच्या वाड्यांतील खटले दोन-दोन पिढ्या चालले. "माणूस ठेवला की घर गेले" हा समज तेथून पसरला.

तो कायदा आता राहिलेला नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्यात मुदतीच्या लेखी परवान्यावर, म्हणजे ज्याला आपण लीव्ह अँड लायसन्स म्हणतो त्यावर, राहण्यासाठी खोली दिली, तर मुदत संपल्यावर ती परत मिळवण्याची वेगळी सोय आहे. मुदत संपूनही माणूस निघाला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि खोली सोडीपर्यंत त्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागतात. मात्र त्यासाठी कागद पक्का हवा.

आणखी एक समज आहे, की बारा वर्षे राहिला तर मालक होतो. तुमच्या परवानगीने, करार करून, भाडे भरून राहणारा माणूस कितीही वर्षे राहिला तरी त्यामुळे मालक होत नाही. बारा वर्षांचा नियम मालकाचा हक्क नाकारून उघड कब्जा करणाऱ्याच्या बाबतीतला आहे. तेव्हा ही भीती काढून टाका आणि तिच्या जागी पारख आणा.

विश्रामबागेत खोली मागायला कोण येते?

गिऱ्हाईक ओळखल्याशिवाय माल विकू नये, असे आपण बाजारात म्हणतो. येथेही तेच.

विश्रामबागेत १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय निघाले आणि १९४७ साली अभियांत्रिकी महाविद्यालय, जे आज वालचंद म्हणून सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे विद्यार्थी हे येथले जुने भाडेकरू. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथल्या परिचारिका, शिकाऊ डॉक्टर, तंत्रज्ञ या बाजूला खोली पाहतात. कुपवड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत पाळीने काम करणारे कामगार येतात. विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालय आहे, तेथे आणि बँकांत बदलून आलेले कर्मचारी कुटुंबासह येतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद, बेदाणा, गुळाच्या पेढ्यांवर काम करणारे दिवाणजीही येतात.

प्रत्येकाची गरज वेगळी आणि त्रासही वेगळा. विद्यार्थी प्रवेशाच्या दिवसांत येतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जातो, म्हणून त्याचे दोन महिने रिकामे जाणार हे धरून चाला. बदलीवाला दोन-तीन वर्षे सरळ राहतो, पण बदलीचा कागद आला की महिनाभरात निघतो. पाळीचा कामगार रात्री बाराला येईल, तेव्हा फाटकाची किल्ली त्याला द्यावी लागेल. कुटुंबाला पाणी जास्त लागते. आपली खोली कशी आहे, खाली आपल्या मुली अभ्यासाला राहतात का, पाणी किती आहे, हे पाहून आपल्याला कोणता भाडेकरू सोईचा, ते आधी घरात बसून ठरवा. या बोलण्यात घरातल्या बायकांना जरूर घ्या. पाणी किती पुरेल, जिन्यावरून कोण जाईल-येईल, सामाईक मोरी कोण धुईल, हे त्यांना पुरुषांपेक्षा आधी सुचते.

एका बागायतदाराचा हिशेब

तासगाव तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराची गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगत नाही. त्याने विश्रामबागेत दोन मजली घर बांधले. वरचा ब्लॉक सहा हजारांनी द्यायचा होता. एकाच रविवारी दोघे पाहायला आले.

पहिला मोटारीतून आला. धंदा करतो म्हणाला. जातीतलाच निघाला, पाहुण्यांच्या पाहुण्यांची ओळखही निघाली. "कागद कशाला काका, आपण घरचीच माणसं," असे म्हणून त्याने दहा हजार रोख काढून पुढे ठेवले आणि किल्ली त्याच दिवशी मागितली. दुसरी एक परिचारिका. सोबत म्हातारी आई आणि शाळेत जाणारा मुलगा. धर्म वेगळा. तिने नळाला पाणी किती वाजता येते ते विचारले, विजेचा मीटर वेगळा आहे का ते पाहिले आणि म्हणाली, "काका, करार नोंदवून द्याल ना? आणि दर महिन्याला पावती लागेल."

आमच्या बागायतदाराला वाटले, ही आताच कायदा दाखवते, पुढे काय करील! खोली मोटारवाल्याला दिली. नोटरीचा एक कागद केला, तोही अर्धा कोरा.

चार महिने भाडे आले. मग "पुढच्या आठवड्यात देतो" सुरू झाले. माणूस एकूण पंधरा महिने राहिला. अकरा महिन्यांचे सहासष्ट हजार थकले. डिपॉझिटचे दहा हजार वजा केले तरी छप्पन हजार राहिले, वर नऊ हजारांचे वीजबिल. पासष्ट हजारांचा खड्डा पडला. त्या वर्षी अवकाळीने बाग मारलेली. बँकेचा हप्ता चुकायला लागला आणि मुलीची वसतिगृहाची फी हातउसने करून भरावी लागली. मुलगी बापाला म्हणाली, "आबा, मी एक वर्ष घरी बसते." पोर घरी बसली नाही, पण ते वाक्य त्या घरात अजून कुणी विसरलेले नाही.

या गोष्टीतला बोध उघड आहे. जो कागद नको म्हणतो, त्याच्यापासून सावध राहा. जी पावती मागते, तिला पैसे वेळेवर द्यायचे आहेत, म्हणून ती पावती मागते. पैसे बुडवायचे असतील तर पावती कुणाला हवी असते?

पारख कशी करावी?

बियाणे घेताना मी तुम्हाला नेहमी सांगतो, की पिशवीवरचे चित्र पाहू नका, लेबल वाचा, पावती घ्या आणि पीक हाती येईपर्यंत पिशवी जपून ठेवा. भाडेकरूच्या बाबतीत मोटार, कपडे आणि गोड बोलणे हे पिशवीवरचे चित्र. लेबल पुढील पाच गोष्टींत असते.

पहिली गोष्ट, काम. कोठे काम करतो, किती दिवसांपासून? नोकरीचे ओळखपत्र आणि पगाराची चिठ्ठी पाहा. धंदा असेल तर दुकानावर जाऊन या. विश्रामबागेतून कुपवड काय किंवा यार्ड काय, एका फेरीत होते. यात लाजण्यासारखे काही नाही. मुलीचे लग्न ठरवताना आपण चार ठिकाणी चौकशी करतोच ना?

दुसरी, ऐपत. भाडे हे घरात येणाऱ्या पैशाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावे, असा माझा ठोकताळा आहे. सहा हजारांच्या खोलीला घरात महिना अठरा-वीस हजार तरी यावेत. ज्याला बारा हजार मिळतात, त्याला सहा हजारांची खोली देणे म्हणजे त्यालाही अडचण आणि आपल्यालाही. त्याला लहान खोली दाखवा.

तिसरी, आधीचा मालक. आधी कोठे राहत होता आणि ती जागा का सोडली, हे विचारा आणि त्या मालकाला भेटा. आता राहत आहे त्या मालकापेक्षा त्याच्या आधीच्या मालकाचे बोलणे अधिक खरे मानावे. कारण ब्याद जावी म्हणून सध्याचा मालक गोड बोलण्याचा संभव असतो. एकच प्रश्न पुरे, "पुन्हा खोली मागितली तर द्याल का?"

चौथी, माणसे किती? "आम्ही दोघेच" म्हणून येतात आणि दिवाळीनंतर सहा जण होतात. कोण कोण राहणार ती नावे करारात लिहून घ्या. पाहुणा आला तर नाही म्हणू नये, पण पाहुणा वेगळा आणि राहणारा वेगळा.

पाचवी, घाई. आजच किल्ली हवी, दोन दिवस थांबता येत नाही, असे म्हणणाऱ्याला कारण विचारा. बदलीचा हुकूम दाखवला किंवा कॉलेज सोमवारी सुरू होते म्हणाला, तर कारण खरे आहे. कारण सांगता येत नसेल तर दोन दिवस तुम्ही थांबा.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक वाढवा. आई-वडिलांना प्रत्यक्ष भेटल्याशिवाय खोली देऊ नका आणि पालकाची सही व फोन नंबर घ्या. "पोरं म्हणजे दंगा" असे म्हणून सरसकट नाकारूही नका. रात्री किती वाजेपर्यंत जाग चालेल, गच्चीवर जायचे का, गाड्या कोठे लावायच्या, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगितले, तर बहुतेक मुले ऐकतात. त्यांच्यात आपल्यासारख्याच शेतकऱ्यांची मुले जास्त असतात.

जात-धर्म हे लेबल नव्हे

आता थोडे अप्रिय बोलतो. खोली पाहायला माणूस आला, की आपला पहिला प्रश्न असतो, "आडनाव काय?" आडनावावरून जात ओळखायची आणि मग ठरवायचे. वर आपण त्याला "खात्री" म्हणतो. वरच्या बागायतदाराने हीच खात्री केली होती. जातीवरून ना भाडे वेळेवर येते, ना खोली स्वच्छ राहते. भाडे पगारातून येते, खोली सवयीने स्वच्छ राहते. चौकशी त्यांचीच करावी.

आणि आपण हेही आठवावे, की आपली माणसे परमुलखात भाडेकरूच आहेत. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतील किती घरांतली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यात गेली! पंजाबपासून केरळपर्यंत गलाईवाल्यांची कुटुंबे तेथल्या लोकांच्या खोल्यांत राहिली. भाषा वेगळी, जेवण वेगळे, ओळख कुणाची नाही. कुणीतरी अनोळखी मालकाने त्यांचे काम पाहून दार उघडले, म्हणून इकडे गावात त्यांची घरे उभी राहिली. आज आपल्यातल्या कुणाचा मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी खोली शोधत हिंडत असेल. त्याचे आडनाव ऐकून कुणी दार लावले तर आपल्याला कसे वाटेल? नवरा वारलेली किंवा एकटी राहणारी नोकरदार बाई असेल तर आपण आणखी मागे सरतो. माझ्या पाहण्यात तरी अशा बायका भाड्याला चोख असतात, कारण डोक्यावरचे छप्पर जाणे म्हणजे काय, हे त्यांना इतरांपेक्षा जास्त ठाऊक असते.

कागद कसा करावा?

आपल्याकडे पक्का समज आहे, की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. देशाच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला तशी सवलत आहे, त्यावरून हा समज झाला. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग मुदत अकरा महिने असो की तीन वर्षे. नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला आणि कागद नोंदवलेला नसला, तर भाडे व अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते, जोवर तुम्ही उलट सिद्ध करत नाही. नुसती नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्च फार नाही. मुदतीचे एकूण भाडे धरून, त्यात परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांप्रमाणे रक्कम मिळवायची आणि त्या बेरजेवर शेकडा पाव टक्का मुद्रांक शुल्क. सहा हजार भाडे, अकरा महिने, तीस हजार डिपॉझिट असेल तर हे शुल्क दोनशेच्या आसपास येते. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. सांगली, मिरज व कुपवड मिळून १९९८ साली महापालिका झाली, विश्रामबाग तिच्याच हद्दीत येते. म्हणजे सरकारी खर्च दीड हजाराच्या आत-बाहेर. करून देणाऱ्याची फी वेगळी. हे काम आता संगणकावर होते. दोघांचे आधार कार्ड, दोन साक्षीदार आणि घराच्या मालकीचा पुरावा लागतो. पासष्ट हजारांच्या खड्ड्यापुढे दीड हजार म्हणजे बियाण्याला औषध चोळण्याचा खर्च समजा.

करारात एवढे नक्की असावे : भाडे किती आणि कोणत्या तारखेला, डिपॉझिट किती, वीजबिल व पाणीपट्टी कुणी भरायची, राहणाऱ्यांची नावे, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, खोली सोडताना दोघांनीही किती दिवस आधी सांगायचे आणि आत पंखे, दिवे, नळ, कपाटे काय काय दिले त्याची यादी. किल्ली देण्यापूर्वी खोलीचे फोटो काढून ठेवा, म्हणजे सोडताना वाद होत नाही. कोऱ्या कागदावर सही घेऊ नका, देऊही नका. भाडेकरूची माहिती फोटोसह पोलीस ठाण्यात द्या. पोलिसांच्या संकेतस्थळावरूनही ती देता येते.

ही सर्व चर्चा राहण्याच्या खोलीची झाली. रस्त्याकडेचा गाळा दुकानासाठी देत असाल, तर मुदतीनंतर जागा लवकर मिळण्याची वर सांगितलेली सोय त्याला लागू नाही. तेथे आधी वकिलाचा सल्ला घ्या.

किल्ली दिल्यानंतर

भाडे शक्यतो बँकेत किंवा फोनवरून जमा करायला सांगा. आपण गावी असतो म्हणून शेजारच्या दुकानदाराला भाडे गोळा करायला सांगू नये. रोख घेतलेच तर पावती द्या, ती देणे कायद्यानेही बंधनकारक आहे. एक महिना थकला तर समजून घ्या, माणसाला अडचण येते. दुसरा थकला की प्रत्यक्ष जाऊन बोला आणि लेखी कळवा. तिसऱ्या महिन्याची वाट पाहत गावी बसू नका. बागायतदाराचे अकरा महिने असेच वाट पाहण्यात थकले.

राग आला म्हणून पाणी बंद करणे, वीज तोडणे, सामान बाहेर टाकणे, असे कधीही करू नका. पाणी-वीज तोडण्याला कायद्यात शिक्षा आहे. खरी बाजू तुमची असून आरोपी तुम्ही व्हाल.

मालकाचीही कर्तव्ये आहेत. गळका नळ, ओल आलेली भिंत, मोडकी कडी यांची दुरुस्ती वेळेवर करा. महिन्यातून एकदा चक्कर टाका, पण आधी फोन करून. खोली आपली असली तरी संसार त्यांचा आहे. डिपॉझिट सोडताना त्याच दिवशी परत करा, बाकी वजा करायची तर हिशेब लिहून दाखवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीत किती कुटुंबांना अंगावरच्या कपड्यांनिशी घर सोडावे लागले, ते आपण पाहिले आहे. अशा वेळी अडलेल्याला पाहून भाडे दुप्पट करू नये. माणुसकी राहते आणि तो भाडेकरू पुढे वर्षानुवर्षे टिकतो. चांगला भाडेकरू टिकवण्यासाठी भाडे बाजारापेक्षा दोनशे कमी ठेवले, तरी वर्षाचे चोवीसशेच कमी होतात. खोली अर्धा महिना रिकामी राहिली तर त्याहून जास्त जातात.

जाता जाता एक. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून घरभाड्यावरही नाही असे समजू नका. शहरातील घराचे भाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे. त्यातून घरपट्टी आणि दुरुस्तीपोटी शेकडा तीस वजावट मिळते, पण हिशेब दाखवावा लागतो. भाडे बँकेतून येत असेल तर हा हिशेब आपोआप राहतो.

जून-जुलैत पेरणीची गडबड आणि विश्रामबागेत खोल्यांची मागणी एकदमच सुरू होते. तेव्हा उन्हाळ्यातच एक दिवस काढा. खोलीला चुना-रंग द्या, नळ-दिवे पाहून घ्या, कराराचा मसुदा तयार ठेवा आणि विचारायचे पाच प्रश्न घरात सर्वांना सांगून ठेवा. मग आलेल्या माणसाला आडनाव विचारण्याआधी खुर्ची द्या, पाणी द्या आणि विचारा, "काम काय करता?"